उकिरड्यावरची अंजनी

हातकणंगले
ता. १४ जून २०२४

आक्काताईंना बनाबाईचा नमस्कार. तुमच्यात जयभीम म्हणतात, तर तोही घ्या. हिकडं सगळी बरी हायेत. म्हस आटली, माझा गुडघा तेवढा दुखायचा आटंना. माझी शाळा दुसरीपतूर, तवा अक्षराला नावं ठिवू नका. फोन लावता आला असता, पण फोनवर मी भांडते.

पत्राला कारण झाड. गडहिंग्लजला तुमच्या दारातली अंजनी कॉलनीवाल्यांनी तोडली म्हणं. इखारी हाय, पोरं खातील म्हणून. ही आवई हितनंच गेली. आमच्या शेजारच्या बयाबाईची लेक तुमच्याच कॉलनीत दिली हाय. तिचा दोष न्हाय. तिच्या आईनं जे ऐकलं ते तिनं सांगितलं.

आणि आईनं ऐकलं माझ्या तोंडातनं. माझ्या नातीनं, निशिगंधेनं, तुमच्या प्रसेनजीतशी लग्न केलं आणि गेल्या साली तुमी पैल्यांदा आमच्या दारात आलता. वाडगाभर अंजनीची फळं घिऊन. बायका बसल्या होत्या. बयाबाई म्हणाली, "हे कसलं ओ काळं काळं?" मी म्हणलं, "इखारी झुडूप हाय. आतडी तुटतील."

"आवो, आमची पोरं ह्याच्यावर वाढली की," तुमी म्हणाला.

"तुमच्या पोरास्नी पचत आसंल."

बायका हसल्या. तुमी मूठभर तोंडात टाकली, बिया पदरात घेतल्या आणि उठला. निशिगंधा तुमच्या मागनं गेली, ती अजून ह्या उंबऱ्याला आली न्हाय. वाडगा मी उकिरड्यावर पालथा केला.

झाडाची वळख पटली न्हाय, असं मी घरात सांगत आले. आमच्या ह्या उसाच्या पट्ट्यात ते कुणाला ठावं न्हाय, म्हणून सगळ्यांस्नी पटलं.

श्रावणात उकिरड्यावर कोंब आले. पानं समोरासमोर जोडीनं, जाड, चकचकीत. मधली शीर सोडली तर दुसरी दिसत न्हाय. चुरगाळलं तर वास न्हाय. लेक म्हणाला, उपटू का? मी म्हणलं, हात लावशील तर बघ.

रोपं काढून काळ्या मातीत लावली ती कुजली. मग भाच्याकडनं तांबडी माती आणवली, पाचोळा घातला, उरलेली रोपं पिशव्यांत लावून गोठ्याच्या सावलीला मांडली. उसागत न्हाय हे झाड. वरीस झालं, रोपं अजून वीतभर न्हायत. तुमची दारातली किती वर्सांची होती, इचारायचं धाडस न्हाय.

आता खरं लिवते. पानं बघायची गरज नव्हती. माझं म्हायेर आजऱ्याकडचं. शेरडं राखताना हीच फळं खाऊन आमच्या जिभा जांभळ्या व्हायच्या. जुन्या फांदीला चिकटून निळी फुलं आली की आमी दिवस मोजायचो. वाडगा उघडला तवाच मी वळखलं. फळ वळखलं आणि वाडगा कुणाच्या घरचा ते बी ध्यानात हुतं. चारचौघींत तुमच्या हातचं खायची पाळी आली. जात म्हणायला तोंड झालं न्हाय, म्हणून इख म्हणलं.

हे बयाबाईला सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे गं, म्हातारपणी नजर चुकती." नजर चुकली न्हाय म्हणलं, मी खोटं बोलले. तवापासनं ती माझ्याकडं बघंना.

चांगला पाऊस लागला की रोप घिऊन एसटीनं येते. कॉलनीत ज्यांनी कुऱ्हाड चालवली त्यांच्या म्होरं हेच बोलीन. दार उघडायचं का न्हाय ते तुमी ठरवा. उघडलं तर आधी मला जेवायला वाढा, झाड मागनं लावू. न्हाय उघडलं तर पिशवी पायरीवर ठिवून जाईन. त्याला दुपारचं ऊन लागू दिऊ नका. निशिगंधेला सांगू नका मी येणार हाय. तुमी घरात घेतलं तरच तिला तोंड दाखवीन.

हे आजवर तोंडानं कधी म्हणलं न्हाय, कागदावर म्हणते,

तुमची सोयरीण
बनाबाई