झेलिंदा आत्याचं उघडं यमक

प्रिय एल्वियो,

मी पदवीधर होऊन गावी परतले. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडलंय, म्हणून बाबा मला चारचौघांत ‘दोत्तोरेस्सा’, म्हणजे विदुषीबाई, म्हणतात आणि लगेच शेळ्यांना पाणी पाजायला पाठवतात. फ्लोरेन्सला राहता आलं असतं, पण मी गावच्या शाळेतली नेमणूक मागून घेतली. डोंगरातल्या मुलांना आपली गाणी आपल्याच तोंडून म्हणता यावीत, असं मला मनापासून वाटतं. तुला हसू येईल. तुझ्या झेलिंदा आत्यालाही आलं. म्हणाली, “पोरी, आधी त्यांना गप्प बसायला शिकव. ऐकता आलं की गाता येतं.”

उभ्या उभ्या कडवी रचणाऱ्या आत्याला लिहिता येत नाही, हे फ्लोरेन्समध्ये कुणाला पटायचं नाही. मेंढ्यांमागे फिरत गाणं शिकली, लग्नाच्या दिवशी नवऱ्यालाच जुगलबंदीत हरवलं, आणि उभ्या जन्मात एकच कडवं दोनदा गायली नाही. मी टिपून घ्यायला बसले की म्हणते, “काल खाल्लेलं आज कशाला चघळतेस?” तिच्यासमोर गाण्यात टिकणारा तू एकटाच होतास. लहानपणी चेस्टनटच्या पिठाची धिरडी खाता खाता तुम्ही दोघं भांडायचात, तेही कडव्यांत. मी वर रिकोटा चीज वाढायचं विसरून ऐकत राहायचे. तू बेल्जियमच्या खाणीत गेलास त्या सकाळी ती दारातसुद्धा आली नाही.

परवा लोकर कातरणीच्या जेवणानंतर चौकात गाणं झालं. लोकांनी विषय दिला: राहिलेला आणि गेलेला. आत्याने राहिलेल्याची बाजू घेतली. दम लागत होता, तरी कडव्याच्या आठही ओळी नीट उतरल्या. शेवटच्या दोन अशा:

राहिला त्याने दार राखलं, चुलीत राखला जाळ;
गेला त्याने एवढं सांगावं, कसा कंठला काळ.

तिथलंच यमक उचलून समोरच्याने पुढचं कडवं सुरू करायचं, हे तुला काय सांगायचं. लाकूडतोड्या कोर्सिनोने उचललं, आणि खरंच चांगलं गायला. टाळ्या पडल्या. आता आत्याची पाळी. तिने शांतपणे पावाचा तुकडा तोडून तोंडात घातला. कोर्सिनो रागावला, “का गं, माझ्यात काय खोट आहे?” घास गिळून ती म्हणाली, “काही नाही रे. उत्तर छान होतं. पण मी तुला कुठे विचारलं होतं?” सगळा चौक हसला. तिच्याबरोबर धुण्याच्या हौदावर जाणाऱ्या बायका मात्र हसल्या नाहीत.

तेव्हापासून ती गायलेली नाही. डॉक्टर म्हणतात, छातीला इथला हिवाळा झेपणार नाही. ती म्हणते, यमक उघडं ठेवून मी कुठे जाते. तुला बोलाव, असं ती कधीच म्हणणार नाही. मी लिहितेय हेही तिला ठाऊक नाही. चेस्टनट पडायला लागण्याआधी ये. उत्तर लिहून पाठवू नकोस, घरून जुळवून आणलेलं तिला लगेच कळतं. तिच्यासमोरच्या बाकावर बस आणि सुचेल ते गा. मी राहिलेल्यांच्या बाकावर असेन, आत्याच्या शेजारी. तिने विचारलं त्याचं उत्तर मलाही ऐकायचंय.

तुझीच,
नोरिना