रूपाच्या नाकातला आवाज

३ नोव्हेंबर, सोमवार

आले! हे परत आले!

कोणाले सांगायची सोय नाही म्हणून तर लिहून राह्यली. प्रसेनजितच्या कानावर गेलं तर म्हणन, "आई, आपण बौद्ध माणसं. आपण असं काही मानत नाही." नाही मानत बाबा. विहारात हात जोडून मीच तर म्हणली होती. पण कानाले कसं समजावू?

झालं असं. पोराची बदली वाशीमच्या डेपोत झाली, कंडक्टर आहे तो. म्हणून दिवाळीत पोरगा, सून अन् नात अनसिंगले माह्या घरी राहायले आले. इतके दिवस मी एकली भाकर थापायची अन् एकलीच खायची. आता घर भरलं. माह्या आनंदाले तर पारच नाही. नात रूपा, पहिलीत आहे, माह्याजवळ झोपते.

ती घोरते. आधी बारीक शिट्टी. मंग खरखर, जात्यात खडा गेल्यासारखी. मंग एकदम काहीच नाही. अन् मंग हुंदका देऊन श्वास.

ते मधातलं 'काहीच नाही' — ते ह्यायचं आहे. दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही. चाळीस वर्सं ऐकलं मी ते.

हे म्हणजे रूपाचे आबा, सात वर्सं झाली त्यायले जाऊन. तोंडानं कधी नाव घेतलं नाही, कागदावर काय लाज — ग्यानबा.

५ नोव्हेंबर, बुधवार

पौर्णिमेची वंदना होती. विहारात रूपा माह्या मांडीवर झोपली अन् बरोबर सगळे डोळे मिटून बसले तवाच घोरली. बाया खुदखुदल्या. नीलिमाचं, म्हणजे सुनेचं, तोंड एवढंसं झालं. मी मात्र ताठ बसली. हे पण असेच भर वंदनेत घोरायचे. मागच्या रांगेतून माणसं खाकरायची.

लेकरू दिसते ह्यायच्यासारखं नाही. नाक-डोळे तिच्या मायचे. तोंड तेवढं उघडं ठेवते दिवसभर. म्हटलं मिट, तर मिटते अन् दोन घडीत पुन्हा उघडं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चहात साखर टाकाची राहून गेली. दिवसभर डोळे मिटून राह्यले. रातभर ऐकत बसली तर दुसरं काय होणार! पण मले त्याचं काही नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

ह्यायचा श्वास थांबला की मी मनात सरणं म्हणायची. भीती वाटायची, अन् दुसरं काही पाठ नव्हतं. बुद्धं सरणं गच्छामि. बहुतेक तेवढ्यातच श्वास परत यायचा. धम्मं सरणंपर्यंत गेलं की मी कोपरानं ढोसायची. "काय गं मारतेस?" म्हणायचे अन् कूस बदलायचे. सकाळी काही आठवायचं नाही.

तसे ते पण काही कमी नव्हते. झोपेत मले कोपर मारायचे, फासळीखाली, बरोबर एकाच जागी. मी दचकून उठायची. म्हणायची, अर्धी बाज तुमीच खाता अन् वरून मारता. ते म्हणायचे, "तू घोरून राह्यली होती." मले हसू यायचं. बाईमाणूस कुठी घोरते का?

आता रूपाचा श्वास थांबला की तेच म्हणते. सकाळी लेकरानं इचारलं, "आजी, तू अंधारात वंदना काहून म्हणते?" म्हटलं, तुह्यासाठी. तर तिनं मले तीनही सरणं म्हणून दाखवली, न अडखळता. नीलिमा म्हणते हिच्या काही ध्यानात राहात नाही. मंग हे कसं राह्यलं?

११ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेतून बोलावणं आलं. रूपानं एका पोरीच्या दंडाले चावा घेतला. पेन्सिल मांगितली म्हणून. नीलिमानं तिथीच एक ठेवून दिली. घरी आणली तर रूपा दाराजवळ बसून रडे, अन् काहून रडते ते तिचं तिले सांगता येईना. "मले नाही माहीत, मले नाही माहीत." रडता रडता तिथीच झोपली, चप्पल पायात.

पहाटे बिछाना ओला केला. मी गुपचूप वाकळ उन्हात टाकली. नीलिमाले सांगतलं, माह्याच हातून पाणी सांडलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज रूपानं ताट भिरकावलं. मेथीची भाजी होती, भाकर होती, काही वंगाळ नव्हतं. ताट भिंतीले लागून गोल फिरत चुलीपर्यंत गेलं. नीलिमा उठली मारायले. मी मधात पडली. अन् मले — काय सांगू — मले हसू आलं.

हे असंच फेकायचे! त्याच भिंतीवर. सकाळी उठले की डोळे लाल, कोणाशी बोलणं नाही, मीठ कमी झालं की ताट गेलं. दुपारी बंडीवर बसले की डुलक्या, बैल आपल्या मनानं घरी आणायचे त्यायले. गावात नावच पडलं होतं, आगीचा ग्यानबा.

शेजारच्या दुर्गाबाईनं ताटाचा आवाज ऐकला. भिंतीवरून म्हणे, "भागिरथाबाई, मीठ-मिरची ओवाळा लेकरावरून. नजर आहे." म्हटलं, "आमच्यात नाही ओवाळत." म्हणे, "मंग माह्या घरी पाठवा, मी ओवाळते. तुमच्या भीमाले नाही सांगत." लय हसलो दोघी.

ती गेल्यावर मी त्या भिंतीवरचा भाजीचा डाग पुसला नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नीलिमा हुशार आहे. तिनं रूपाच्या पाठीमागं गोधडीची वळकटी लावली, म्हणजे लेकरू कुशीवर राहीन. कुशीवर घोर कमी होते.

मी ती वळकटी काढली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शाळेच्या वर्षाराणी बाई स्वतः घरी आल्या. मले वाटलं पुन्हा चावली. नाही. बाई म्हणे, "आजी, ही मस्तीखोर नाही हो. ही पेंगते. डोकं बाकावर टेकते अन् उठवलं की मारायले धावते. रात्री झोपते का बरोबर?"

म्हटलं, "झोपते म्हणजे? ढाराढूर. घोरते चांगली."

बाई माह्याकडे पाहातच राह्यल्या. "माह्या भाच्याचं असंच होतं," म्हणे. "घोरणं म्हणजे झोप नाही, आजी. कान-नाकाच्या डॉक्टरले दाखवा."

नीलिमानं लगेच हो म्हटलं. मी चहा ठेवायले उठली. मले बाईचं बोलणं आवडलं नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार

वाशीमले गेलतो. डॉक्टर पोरगेलेसे, पण बोलायले गोड. रूपाचं तोंड पाह्यलं, नाकाचा फोटो काढला. नाकाच्या मागं मांस वाढलं आहे म्हणे, घशातल्या गाठीही मोठ्या. हवा जायले जागाच नाही. म्हणून श्वास थांबते. श्वास थांबला की जीव घाबरून जागा होते, लेकराले कळत पण नाही. रातभर हेच. अशी लेकरं दिवसा पेंगत नाहीत नुसती, चिडतात, मारतात, अंथरूण ओलं करतात, अक्षर ध्यानात राहात नाही. "हिले शिक्षा करू नका," म्हणे. "हिची झोपच होत नाही."

नीलिमा पदरात तोंड खुपसून रडली. त्या दिवशीचा हात आठवला असन तिले.

मंग डॉक्टरनं इचारलं, घरात कोणी असं घोरायचं का? म्हटलं, हिचे आबा. असेच. मधात थांबायचे. "अन् स्वभाव?" म्हटलं, आगीचा. दिवसा डुलक्या घ्यायचे. "कशानं गेले?"

म्हटलं, झोपेत.

डॉक्टरचा पेन थांबला.

मी रिठदले होती तवा. बहिणीच्या पोरीचं लग्न होतं. सकाळी निरोप आला. त्या रात्री बाजीवर ते एकलेच होते. रूपा तवा नीलिमाच्या पोटात होती.

येताना बसमध्ये खिडकीजवळ बसली. वावरात तूर फुलावर आली आहे, पिवळीधम्मक. दिसत होती, पण पाह्यली नाही. चाळीस वर्सं मी एका माणसाले रागीट म्हणली. त्याची झोपच झाली नव्हती.

२३ नोव्हेंबर, रविवार

ऑपरेशन सांगतलं आहे, अकोल्याले. नीलिमा तयार. प्रसेनजितले भुलीची धास्ती. "एवढ्याशा लेकराले भूल? मोठी झाली की जाईन आपोआप." रात्री जेवताना म्हणे, "आई म्हणन तसं करू."

दोघंही माह्याकडे पाहू लागले.

म्हटलं, थांबा थोडे दिवस.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नीलिमा माह्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे.

पण ते मांस काढलं की आवाज जाईन. आवाज गेला की हे जातीन. एकदा गेले तवा मी घरी नव्हती. आता पाठवायचं ते पण मीच?

३० नोव्हेंबर, रविवार

दुपारी अंगणात बाज टाकली. थंडीचं ऊन छान लागते. रूपा बाजीवर झोपली, उताणी. मी खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होती, सोल्याची भाजी करायले. आवाज सुरू होता. मी त्याच्याशी मनातल्या मनात बोलत होती, कापूस कसा झाला, प्रसेनजितनं नवी चप्पल आणली मले, असंच काहीबाही.

थांबला.

बुद्धं सरणं गच्छामि. धम्मं सरणं. संघं सरणं गच्छामि.

नाही आला.

पुन्हा पहिल्यापासून, दुतियम्पि बुद्धं — तिची छाती वर-खाली होत होती, पोट आत ओढत होतं, पण हवा नाही. ओठ जांभळे. उन्हात पाह्यले मी ते. अंधारात कधी दिसले नव्हते. ह्यायचे पण कधी दिसले नव्हते.

शेंगांचं सूप लवंडलं. कोपर मारलं मी तिले. जोरानं मारलं. लेकरू हुंदका देऊन उठलं, रडलं अन् माह्या हाताले कडकडून चावलं.

चाव माय. चाव.

हे नव्हते ते. आवाज ह्यायचा नव्हताच कधी. हा तर ह्यायले घेऊन गेलेला आवाज. अन् मी त्याच्यासाठी वळकटी काढून ठेवली.

नीलिमा धावत आली. म्हटलं, प्रसेनजितले फोन लाव. म्हणावं, आई हो म्हणते. उद्या जमत असन तर उद्याच.

६ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी विहारात मेणबत्त्या लावल्या. सगळ्यायनं बाबासाहेबाच्या नावानं लावली, मी पण. मंग एक बाजूले अजून लावली. कोणाच्या नावानं ते इचारलं नाही कोणी.

आता वळकटी मीच लावते रोज. नीलिमा आज बोलली. "आत्या, तुमी झोपा जरा, मी बसते हिच्याजवळ. डोळे पाहा कसे लाल झाले तुमचे."

१० डिसेंबर, बुधवार

अकोला. सकाळी नेली आत. हिरवा झगा घातला, त्यात लेकरू दिसेचना. प्रसेनजित जिन्यात उभा राहून हातातली तिकिटं फाडून राह्यला, कोऱ्या कागदाची. मी म्हटलं, "बस रे, तिकिटाचं मशीन नाही तुह्याजवळ." हसला कसातरी.

बाहेर आली. श्वास चालू. बिनआवाजाचा. मी नाकाजवळ हात नेऊन पाह्यला.

११ डिसेंबर, गुरुवार

डॉक्टरनं आईस्क्रीम खाऊ घालायले सांगतलं! रूपा खुणेनं म्हणे, आजीले पण.

२१ डिसेंबर, रविवार

मी न उठवता उठली रूपा. स्वतः. तोंड मिटलेलं. अंगणात गेली, कोंबड्यायशी बोलली, अन् येऊन म्हणे, "आजी, आज दिवस किती मोठा आहे." वाकळ कोरडी, बऱ्याच दिवसांपासून. काल शाळेत त्या चावलेल्या पोरीले आपली पेन्सिल देऊन आली. दुर्गाबाई भिंतीवरून म्हणे, "पाह्यलं? मी माह्या घरूनच ओवाळलं होतं." म्हटलं, ओवाळलं तर ओवाळलं.

भिंतीवरचा डाग पुसला मी आज.

घर लय शांत झालं. ऐकायले काहीच नाही, तर पडल्या पडल्या झोप लागते मले. तरी सकाळी अंग जड. कालच्या भाजीत मीठ दोनदा पडलं अन् नीलिमानं सांगतलं तर मी तिच्यावरच खेकसली. एवढं झोपून काहून असं होते, कोण जाणे. वय झालं.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी फासळीखाली दुखत होतं. रूपाले म्हटलं, झोपेत लाथा मारते का गं तू?

"लाथ नाही, कोपर," म्हणे. "तू घोरून राह्यली होती आजी. मंग थांबली. मी सरणं म्हटली. दुतियम्पि आलं तरी तू सुरूच झाली नाही."

हात लावून पाह्यला. तीच जागा.