सहा गावांची सोसायटी आणि इंग्लंड

मु. चांदसरी, ता. शहादा, जि. धुळे
बुधवार, ता. १३ फेब्रुवारी १९६३

डॉक्टर जसोदा मगन पाटील यांस, लंडन मुक्कामी, चुडामणचा रामराम.

इकडे सर्व खुशाल. तुझे बापू आणि तुझी आई, आमच्या तापीकाकू, ठणठणीत. कापूस अजून येतोय, सोसायटीचं सरकी काढायचं जिन दोन पाळ्यांत चाललंय. आपला जहीर मापाडी रोज विचारतो, विलायतेत थंडीनं नदी गोठली हे खरं का? मी हो म्हणतो. तर म्हणतो, "मग बर्फावरून बैलगाडी हाकत ये म्हणावं." झाली खुशाली.

जसोदा, तू जिंकलीस! दीड वर्षापूर्वी तू लेखात लिहिलंस की युरोपातल्या सहा देशांच्या बाजारात इंग्लंडला फ्रान्स घेणार नाही, कारण इंग्लंडच्या मागून अमेरिका आत शिरेल. तुझे प्रोफेसर हसले होते ना? आता हसा म्हणावं. फ्रान्सच्या नकाराची बातमी मी शहाद्याच्या एसटी स्टँडवर वाचली आणि समोर उभ्या कंडक्टरला मिठी मारली. त्याला वाटलं मला मुलगा झाला. "पेढा कुठाय?" म्हणाला. मी खरंच पाव शेर पेढे आणून वाटले.

आता तुझ्या पत्राबद्दल. अमेरिकेतल्या विद्यापीठाची पाच वर्षांची नेमणूक, एक मार्चच्या आत उत्तर हवं, आणि बापूंच्या होकाराशिवाय तू जाणार नाहीस. "बापू पत्राला उत्तर देत नाहीत, काय म्हणतात ते तू तरी कळव," असं तू लिहिलंस. कळवतो. पण उडी मारून शेवटची ओळ वाचू नकोस. मी जन्मात पहिल्यांदा एखादी गोष्ट क्रमाने सांगतोय.

बापूंनी तुझं पत्र तीनदा वाचलं, घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात टाकलं. मी विचारलं तर एवढंच, "तीन वरीसनी बोली व्हती. आखाजीले पोर घर पाहिजे." म्हणजे येत्या अक्षय्यतृतीयेला तू परत. पुन्हा विचारलं तर माझ्यावरच खेकसले, "तू सोसायटीना सेक्रेटरी शे, मन्हा घरना नही." काकूंनी मागून मला हातानेच खूण केली, जा म्हणून.

मग मी ठरवलं की बापूंना घरी गाठायचंच नाही. त्यांना सभेत गाठायचं. रविवारी सोसायटीची सभा होती, अध्यक्ष बापू. तुझा तो लेख मी अकरा दिवस डिक्शनरी घेऊन साध्या मराठीत उतरवला होता. कामकाज संपलं, "ऐनवेळचे विषय" आले, आणि मी उभा राहिलो. म्हटलं, अध्यक्षांच्या परवानगीनं, अमेरिकेचं बोलावणं आलेल्या कुमारी जसोदाच्या अभिनंदनाचा ठराव, आणि त्याआधी तिच्या लेखाचं वाचन. बापूंनी डोळे वटारले. पण दीडशे सभासदांपुढे नाही कसं म्हणणार?

वाचायला लागलो. "सहा घरांनी एक बाजार मांडला. सातवं घर दारात आलं, मला घ्या म्हणालं. पण त्याचा एक पाय इकडे आणि दुसरा पाण्यापलीकडच्या मोठ्या सावकाराच्या ओसरीवर. सहांतला एक म्हणाला, आत ये, पण आधी सांग, तुझ्या पाठीमागून कोण येणार?"

एवढ्यावर नवलसिंग उठला. नदीपलीकडच्या गावचा, तुला आठवत असेल, मिशीवाला. बावन साली आपल्या सहा गावांनी सोसायटी काढली तेव्हा त्याच्या गावाला आत यायचं होतं, पण सूरतच्या शेठला वेगळा कापूस घालणंही सोडायचं नव्हतं. बापूंनी एकट्यांनी नकार दिला होता. पुढे छप्पन साली शेठला सोडून ते गाव आलं, पण सल राहिलाच.

"हाई आम्हना गावनी बदनामी शे!" नवलसिंग ओरडला. "बावन सालनी गोट पोरनी विलायतम्हा छापी! सूरतना शेठनं नाव तेवढं गाळं!"

त्याच्या गावचे आठ-दहा जण उठले. मी म्हणतोय, अहो हे इंग्लंड आहे, इंग्लंड! कोण ऐकतो? कुणीतरी पाठून म्हणालं, "बठ रे, अर्ध्या कॉलेजना!" झालं. माझ्या अस्तन्या वर गेल्या, मी टेबल ओलांडलं सुद्धा. जहीरनं मागून सदरा धरला, "अरे भाई, कागद पकड, गला नको!"

आणि बापू उभे राहिले.

"बठ, नवलसिंग! तुन्हा गावले लंडनम्हा कोन इचारस? हाई इंग्लंड शे!"

सभा हसली. बापू मात्र हसले नाहीत. खुर्ची सोडून खाली आले आणि काठीनं जिनाच्या आवारातल्या धुळीत नकाशा काढायला लागले. "हाई सहा देश. हाई खाडी. आठे इंग्लंड. नि समिंदरना पल्ल्याड हाऊ मोठा शेठ, अमेरिका. इंग्लंडनी आत्तेच त्याना कडथून हत्यारं घेवानं कबूल करं, नि आठे म्हणस, माले घरम्हा ल्या. कसं ल्याशात?" अर्धा तास बोलले, जसोदा. मी तुझा लेख निम्मा सुद्धा वाचला नव्हता. उरलेला निम्मा बापूंनी न वाचता सांगितला. तुझेच मुद्दे, त्याच क्रमाने! बावन साली तू चौदा वर्षांची, सभेला पाणी देत फिरत होतीस, तेव्हा तू काय काय ऐकत होतीस ते मला रविवारी कळलं. बापूंनाही कळलं असावं.

नवलसिंगनं मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, "मंग मगनबापू, एवढी हुशार पोर आखाजीले घर आनीसन काय करशात? पापड लाटाले लावशात? तिले अमेरिका बलावस नि तुम्ही नकार देतस. तुम्ही नि तो फ्रान्स एकच!"

बापू काठीवर भार देऊन त्या धुळीतल्या समुद्राकडे बघत राहिले.

"बावनम्हा मी नकार दिधा तो सहा गावसाठे," ते म्हणाले. "हाऊ नकार मी मन्हासाठे दी ऱ्हायनू." मग माझ्याकडे न बघता, "लिख, सेक्रेटरी."

मी लिहिलं. "कु. जसोदा मगन पाटील यांनी अमेरिकेतील विद्यापीठाची नेमणूक स्वीकारावी, यास अध्यक्षांची व सभेची आनंदाने संमती आहे." सूचक, नवलसिंग! हो, तोच. टाळ्या थांबेनात, जहीरनं तर काट्यावरची घंटा बडवली. बापूंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, "अनुमोदक कोन?"

पन्नास हात वर होते. बापू माझ्याकडेच बघत होते.

हे मी लिहिणार नव्हतो. दिवाळीत बापू मला ओट्यावर बसवून म्हणाले होते, "आखाजीले ती येई, मंग तुम्हनं दोन्हीसनं पाहू." मी कुणाला बोललो नाही, तुला तर नाहीच. तेव्हापासून दिवस कसे मोजले ते माझं मला ठाऊक. आणि आणखी एक. मी इंटरला नापास झालो म्हणून पुणं सोडलं असं तू समजतेस. नापास व्हायला मी परीक्षेला बसलोच कुठे? आपल्या वर्गातल्या एकानं फळ्यावर तुझ्याबद्दल घाण लिहिलं होतं. तू यायच्या आत मी ते पुसलं आणि मग त्याचे दोन दात पाडले. प्रिन्सिपॉल म्हणाले, माफी माग, नाहीतर जा. मी गेलो. त्याचं वाईट मला तेव्हाही वाटलं नाही, आज तर मुळीच नाही.

बापूंना मी म्हटलं, "मी." आणि ठरावाखाली माझंच नाव माझ्याच हातानं लिहिलं. नक्कल सोबत आहे, सोसायटीच्या शिक्क्यासह. खाली बापूंच्या हातची ओळ आहे, "पोरी, जाय." रात्रभर पेन घेऊन बसले होते म्हणे, एवढंच निघालं.

तू आजच तार कर. पाच वर्षं थांबीन असलं काही मी लिहीत नाही. तू तिथे गोऱ्यांच्या पोरांपुढे उभी राहशील आणि त्यांच्याच घरातलं भांडण त्यांना समजावून सांगशील, या विचारानं माझी छाती आवारभर झाली आहे, आणि तीच दुखतेही आहे. दोन्ही खरं. मागं वळून बघू नकोस. बघितलंस तर रागावेन, माझा राग तुला ठाऊक आहे.

आजवर प्रत्येक पत्राच्या शेवटी एक शब्द लिहून खोडत आलो, आज खोडत नाही.

तुझा
चुडामण