कॉम्प्युटरमध्ये न वाजलेला भोंगा

ती. मामांना साष्टांग नमस्कार.

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर एक आडवी रेघ आली आणि तुमच्या भाच्याचं आयुष्य बदललं. तुमचे गुडघे कसे आहेत? मामीचा खोकला गेला का? माझी तब्येत उत्तम आहे, डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

मी सातवीत असताना तुम्ही फळकुटावर खिळे ठोकून मला दोन ट्रान्झिस्टरचा भोंगा शिकवलात (एक थांबला की दुसरा चालू), तोच मी इथे कारखान्यात बसवायला घेतलाय. शीतगृहाचं दार उघडं राहिलं की कोकलायचं, एवढंच त्याचं काम. पण मालकांनी नवा नियम काढलाय, की आधी सर्किट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर खोटं खोटं, चालवून दाखवायचं, मगच सोल्डरिंग. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्याचा कोड जगात कोणीही उघडून सुधारावा अशी सोय आहे. मी सर्किट काढलं, बटण दाबलं, तर आडवी रेघ. भोंगा गप्प. तारा तपासल्या, सगळं पुसून नव्याने काढलं, जुनं व्हर्जन टाकून पाहिलं, हिशेबनीसाचा कॉम्प्युटर मागून आणला. रेघ ढिम्म.

समोरच्या टेबलावर टेस्टिंगवाली बसते. (तिच्याबद्दल विशेष काही नाही. चष्मा कपाळावर सरकवून मीटर वाचते, इतकंच.) तिने विचारलं, चालतंय का. मी म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये बग आहे, सिद्ध करून दाखवतो. तिच्याकडे डिग्री आहे, त्यामुळे प्रश्न इज्जतीचा झाला. (कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही, हे आईला पुन्हा एकदा समजावा.)

मग मी सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना बगची तक्रार लिहिली. एकोणीस परिच्छेद. त्यातला एक शिक्षणपद्धतीवर होता, तो काढायला हवा होता हे आता कळतं. उत्तर देणारा कोण कुठला, माहीत नाही, नावाच्या जागी घुबडाचं चित्र. दोन दिवसांची माझी तगमग त्याने चार ओळींत निकालात काढली. म्हणे, हा बग नाही. तुमच्या सर्किटच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत, म्हणून आधी कोणी सुरू व्हायचं ते ठरत नाही. खऱ्या जगात दोन ट्रान्झिस्टर कधीच सारखे नसतात, म्हणून तिथे भोंगा आपोआप वाजतो. इथे एका बाजूला किंचित धक्का द्या. आणि तक्रार बंद! माणूस रागावलाय की नाही हेही न विचारता! मी परत लिहिलं की माझ्या मामांच्या भोंग्याला आजवर कोणी धक्का दिलेला नाही. त्यावर घुबडाने फक्त अंगठा दाखवला.

आज सकाळी टेस्टिंगवाली माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. न विचारता कीबोर्ड ओढला, एका बाजूच्या कपॅसिटरवर सुरुवातीचं जरासं व्होल्टेज लिहिलं, बटण दाबलं. पडद्यावर लाटाच लाटा. मी म्हटलं, ही फसवणूक आहे. ती म्हणाली, "दोघंही समोरच्याची वाट बघत बसलेत. वर्षभर बसतील असेच." आणि गेली. मामा, एक तर माझं सर्किट, त्यात लुडबुड, वर टोमणा. मी हे कदापि विसरणार नाही.

मामीला नमस्कार सांगा.

तुमचा,
भाचा

ता.क. खरं काम राहिलंच. टेस्टिंगवालीचा इथला आज शेवटचा दिवस. रविवारी ती दुसऱ्या गावी नव्या नोकरीवर चाललीय. काल संध्याकाळी ड्रॉवर रिकामा करताना तिने विचारलं, "तुला मला काही सांगायचंय का?" मी तिला तक्रारीचा क्रमांक सांगितला. तर मामा, तुमच्या जिभेवर साखर आहे. खाली तिचा फोन नंबर देतोय. तुम्ही सहज म्हणून फोन लावा आणि बोलता बोलता सुचवा, की आमचा भाचा तापट असला तरी मनाने वाईट नाही, आणि त्याला ते दुसरंच काहीतरी सांगायचं होतं.

ता.क. दुसरा. पत्र परत वाचलं. फोन करू नका, नंबर मी खोडलाय. घुबडाची माफी मागितली, दोन ओळींत. टेस्टिंगवाली आत्ता मीटर जमा करायला स्टोअरकडे गेली, पिशवी खांद्याला आहे, म्हणजे तशीच बाहेर पडणार. पाकीट नंतर चिकटवेन. आमच्या खोलीचं दार आपोआप लागत नाही, ओढून घ्यावं लागतं. ओढून घेतो, निघालो.