कोपऱ्यातली फट

काशीद,
गुरुवार

प्रिय मोरू,

तुझा लाकडात भरायच्या लांबीचा डबा पोचला. विहिरीत फेकणार होते, पण ते पाणी आम्हालाच प्यायचं आहे. म्हणून झाकण न उघडता ह्या पत्राबरोबरच परत पाठवते आहे. तिकडे मुंबईत तुझ्या काही फटी असतील त्या बुजव. सात महिन्यांत तुझी एक ओळ नाही, आणि आता डब्याला सुतळीने बांधून चिठ्ठी येते: आका, कोपऱ्यांत दाबून भर, सुकेपर्यंत हात लावू नको. वा रे वा! सुताराच्या घरातल्या फटी बाईमाणसाने बुजवायच्या आणि सुताराने समुद्रापलीकडे बसून डबे पाठवायचे. चिठ्ठीत कोकिळेचं नाव नाही. बायको कशी आहे एवढं लिहायला तुझी पेन्सिल मोडली का?

मी दिवाळीपासून इथे, आबांच्या घरी आहे. तिकडे बोर्लीला तुझे भावोजी हाताने भाकऱ्या थापतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला करपलेल्या दाखवतात. दाखवू देत. माझं अक्षर वाकडं आलं आहे ते समजून घे. दोन यत्तांच्या शाळेत किती सरळ येणार, आणि शिवाय माझा उजवा हात तेवढा मोकळा आहे. डाव्या हातात काय आहे ते पुढे कळेल. लगेच शेवटाला उडी मारू नकोस. लहानपणी पानातलं गोड आधी खाऊन भाताला नाक मुरडायचास, तशातली गत करू नको. हे सगळं क्रमानेच वाचायचं आहे.

तुझी खबर मला रफिकने दिली. तो रेवसच्या लाँचवर आहे म्हणून सापडलास, नाहीतर गावचं माणूस भाऊच्या धक्क्यावर दिसलं की तू गोदामात शिरतोस म्हणे. वाळलास म्हणाला. दाढी वाढवली आहेस म्हणाला. आणि खोकी ठोकतोस म्हणाला. माल भरायची खोकी! चार फळ्या, आठ खिळे, झालं. रफिकला मी दोनदा विचारलं, अरे नीट पाहिलंस का, तो आमचाच मोरू का? तर म्हणाला, "आपा, हात तेच आहेत, पण काम पाहावत नाही." चहा न घेता गेला बिचारा. मी त्याला अंगणातूनच वाटेला लावलं. घरात घ्यायचं नव्हतं, त्यालाही कारण आहे.

खोकी ठोकायला तुला कुणी शिकवलं नाही. तुला शिकवलं होतं ते वेगळं. आबा नागावला त्या पारशाच्या बंगल्यात भिंतींच्या पायथ्याशी फळ्या बसवत होते तेव्हा फळीचं दुसरं टोक धरायला मी होते, तू आईच्या कडेवर होतास. बाहेरच्या कोपऱ्याला आबा दोन्ही फळ्या तिरक्या कापून जोडायचे. आतल्या कोपऱ्यात मात्र तसं कधी करायचे नाहीत. आत एक फळी सरळ जाऊन भिंतीला भिडायची. दुसरीचं टोक आधी तिरकं कापायचे, म्हणजे फळीच्या वरच्या गोलाईची रेघ त्या कापाच्या काठावर उमटायची. मग त्या रेघेवरून बारीक करवत चालवायची, मागचं लाकूड काढून टाकायचं, कानस फिरवायची, आणि ती फळी पहिलीच्या अंगावर दाबून बसवायची, पोर कडेवर बसतं तशी. नख घालून बघायला मला बोलवायचे. नख गेलं नाही की खूश. मी म्हटलं, आबा, तिरकं कापून मोकळे व्हा की, कोण बघतंय कोपऱ्यात? तर म्हणाले, "चिऱ्याच्या भिंतीत काटकोन हुडकणं म्हंजे कोंबडीचे दात मोजणं. आन् लाकूड पावसात फुगतं, उन्हात आखडतं. तिरका सांधा उन्हाळ्यात तोंड उघडतोच उघडतो. ह्यो न्हाय उघडत." मी मुलगी, मला करवत कोण देणार? करवत तुला दिली. तू माझ्यापेक्षा चांगलं शिकलास हेही खरं आहे. तुझी बारीक करवत चालताना आबा तोंड फिरवून हसायचे, तू बघू नये म्हणून.

आणि मग तू आपल्याच घरात काय केलंस? गणपतीच्या आधी माजघर नटवायचं होतं. मुंबईत कुठला तरी बंगला पाडला, त्यातल्या सागाच्या फळ्या तू श्रावणात लाँचवरून आणल्यास, पावसात, त्याही उघड्या. गाव बघायला आलं होतं. शेजारची जनी तर म्हणाली, "भिंतीला पायताणं घातली गं बाय!" कोकिळा किती हसली होती. आबा तेव्हा हयात नव्हते, बरंच झालं. ओल्या फळ्या, वाकड्या भिंती आणि डोक्यावर गणपती. तू आतले सगळे कोपरे तिरके कापलेस. एकेक करवतीचा काप, दोन खिळे, पुढचा कोपरा. मी गणपतीला आले तेव्हा बोट फिरवून बघितलं आणि विचारलं, हे काय रे? म्हणालास, "आका, आता मुंबईत असंच करतात." जिथे भिंत आत गेली होती तिथे फळीमागे पोकळी राहिली, तिच्या तोंडाशी भुसा आणि मेण भरलंस. वरून असं घासलंस की डोळ्याला दिसू नये. डोळ्याला नाहीच दिसलं.

चैत्रात दिसलं. ऊन लागलं, लाकूड आखडलं, मेण पाघळून गळलं, आणि देवघराकडच्या कोपऱ्याने तोंड उघडलं. मी तेव्हा इथे नव्हते, हे मला कोकिळेने सांगितलं आहे. तुझ्या रंगूला ती फट फार आवडली होती. तिचे चिंचोके ती एकेक करून त्या फटीत टाकायची आणि कान लावून आत पडल्याचा आवाज ऐकायची. माझी पेटी, म्हणायची. तू कामावरून यायचास आणि विचारायचास, "काय सावकारीणबाई, आज काय ठेवलंत पेटीत?" आणि कोकिळा म्हणायची, अहो, ते बुजवा की. तू म्हणायचास, उद्या. तिचा खेळ मोडवेना तुला, मी समजू शकते. पण फळीमागची पोकळी थंड असते, अंधारी असते, आणि वैशाखात आपल्या इथे असल्या जागेत काय येऊन बसतं हे कोकणातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. तांबडा विंचू. चार वर्षांच्या पोरीला ते कसं कळावं? दिवेलागणीला तिला चिंचोका परत हवा झाला. तिने बोट घातलं.

पुढचं तुला सांगायला नको, तू तिला उचलून धावलास. मंत्र घालणाऱ्याकडे थांबला नाहीस, ते चांगलं केलंस. रेवदंड्याच्या खाडीवर होडी पलीकडच्या काठाला होती आणि तू हाका मारत होतास, हे मला होडीवाल्याने सांगितलं. पोरीचं अंग गार होतं आणि घामाने तुझा सदरा भिजला होता, हेही त्यानेच सांगितलं. होडी ह्या काठाला लागली तेव्हा तू म्हणालास, आता नको. तो माणूस अजून सांगताना मान खाली घालतो.

तेराव्यानंतर तू करवत घेतलीस आणि गेलास. कोकिळेला सांगून गेला नाहीस. मला वाटलं होतं, आठ दिवसांत येशील. मग वाटलं, नारळी पौर्णिमेला लाँच सुरू झाली की येशील. गणपतीला मूर्ती आणायला तुझा हात नव्हता, धर्माजी सुताराने आणली. तू दुःखात आहेस हे मला कळतं, मी दगड नाही. पण दुःखाला मुंबई लागत नाही मोरू. ते इथेही करता आलं असतं, दोघांनी मिळून.

आता माजघराची अवस्था ऐक. मी आले त्या दिवशी पाहिलं, सगळ्या कोपऱ्यांच्या फटींत कापडाच्या चिंध्या कोंबल्या होत्या, बोटाने दाबून दाबून. लाल, त्यावर पिवळे ठिपके. मला ओळखायला वेळ लागला. रंगूचे परकर, मोरू. पोरीचे कपडे आपण कुणाला देतो किंवा नदीत सोडतो. हिने फाडले आणि फटी भरल्या. लांबीचा डबा पाठवायला तू उशीर केलास, तुझ्या बायकोने आधीच काम उरकलं होतं. मी कोयता घेऊन फळी उचकटायला गेले तर तिने माझं मनगट धरलं. एवढीशी बाई, पण मला सोडवेना. म्हणाली, "त्यांनी लावली, तेच काढतील. मागं तिचे चिंचोके हायेत." धर्माजीला बोलावून आणलं. तो उंबऱ्यात बसला, वाकून बघितलं आणि बोलून गेला, अंबाजी सुताराच्या मुलाने, आपल्या आबांच्या मुलाने, आतल्या कोपऱ्यात तिरका काप मारला? कोकिळेने त्याला पाणी दिलं आणि घरी पाठवलं. तुझ्याविरुद्ध एक शब्द तिने अजून कुणाला बोलू दिलेला नाही. मलाही नाही. मी बोलते ते ह्या कागदावर.

आणि कागदाचं म्हणशील तर, ह्या घरात कागद कुठला? हा पाटावरचा आहे. काल सटवाईची रात्र होती. पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली होती, तिने येऊन कपाळावरचं लिहावं म्हणून. सकाळी बघितलं तर कागद कोराच. तिने कुठे काय लिहिलं ते तिचं तिला माहीत. मी म्हटलं, कागद वाया कशाला घालवा, उरलेलं मी लिहिते. आता कळलं डाव्या हातात काय आहे? मुलगी आहे. गेल्या शुक्रवारी झाली. तू गेलास तेव्हा कोकिळेला दुसरा महिना होता, तिने तुला सांगितलं नव्हतं आणि नंतर कुणाला सांगू दिलं नाही. आताही तिने मला शपथ घातली होती, कळवायचं नाही. मी शपथ मोडते आहे, पाप माझ्या माथी. एक बाई म्हणाली रंगूच परत आली, तिला मी बाहेरची वाट दाखवली. ही रंगू नाही. हिचं नाक आबांवर गेलं आहे आणि आवाज माझ्यावर. पण सात दिवस झाले, मोरू, ही मुलगी अजून जमिनीला टेकलेली नाही. कोकिळा तिला खाली ठेवत नाही, ठेवू देत नाही, चटईवर नाही, सुपात नाही. तिच्या मांडीवरून माझ्या मांडीवर, माझ्यावरून तिच्या. ती भिंतीला टेकून बसते आणि डोळे त्या कोपऱ्याकडे. बोर्लीला चल म्हटलं तर म्हणते, घर सोडून कुठं जाऊ, ते आले तर? बाई वाळत चालली आहे, दूध आटायला लागलं आहे. मी किती दिवस पुरणार?

मंगळवारी बारसं. मी आत्या, नाव ठेवायचा मान माझा आणि मी नाव ठरवलं आहे, तुला आत्ता सांगणार नाही. पण पाळणा टेकवायला जमीन लागते आणि ह्या घरात जमीन नाही, तू येऊन दिल्याशिवाय. आबांची बारीक करवत आण. फळ्या नव्याने कापून बसव, नाहीतर उपटून चुलीत घाल, मला दोन्ही चालेल. फक्त चिंचोके तुझ्या हाताने काढ आणि कोकिळेच्या ओंजळीत दे. उद्या दुपारची नमाज झाली की रफिक निघेल, शनिवारी हे तुझ्या हातात पडेल. डबा, चिठ्ठी, पैसे, काही पाठवू नकोस. सोमवारी दिवेलागणीच्या आत मला उत्तर हवं, आणि ते पायांनी चालत आलं पाहिजे.

वाट बघत, आणि रागातही तुझीच,
आवडाआका