भिंतीवरची जिवंत माणसं

तात्या,

काल घरात रंगारी होता. सुनेनं बाहेरच्या खोलीला नवा रंग द्यायचं मनावर घेतलं, म्हणून सगळे फोटो उतरवून पलंगावर मांडले होते. रंग वाळल्यावर तो खिळे मारायला लागला आणि मला विचारतो, "आज्जी, ह्यातले गेलेले कोन नि जिते कोन, तेवढं सांगा. गेलेल्यांना हार घालायचा असतो, त्यांचा खिळा जरा वर मारावा लागतो." बिचाऱ्यानं सरळ मनानं विचारलं. मला मात्र असं हसू फुटलं की सून पिठाच्या हातांनी आतून धावत आली. तिला वाटलं, सासूबाईंना ठसका लागला. हाच प्रश्न आपल्या भिंगारच्या घरात एकदा विचारला गेला होता, आणि त्या दिवशी माझं लग्न मोडता मोडता राहिलं होतं. तुम्हाला आठवत असेल. म्हटलं, तात्यांशी बोलावं. बोलायला दुसरं आहे कोण त्या दिवसाचं?

तेव्हा लढाई चालू होती. नगरच्या किल्ल्यात पुढाऱ्यांना आणून ठेवलं होतं, कॅम्पात जागोजाग पहारे होते आणि तुम्ही तिथल्या कचेरीत कारकून होता. संध्याकाळी सायकल घेऊन सरळ घरी येतील तर ते तात्या कसले! आधी भिंगारच्या बाजारात फोटोवाल्या चाचांच्या स्टुडिओत डोकावायचं. चाचांचा दिवस जायचा शिपायांचे फोटो काढण्यात. रंगवलेला खांब, शेजारी कुंडी आणि ताठ उभा शिपाई, गावाकडे पाठवायला. पण बाजारात एखादा चेहरा मनात भरला की चाचा त्या माणसाला हातापाया पडून आत आणायचे, खिडकीशी बसवायचे, मागे काळा पडदा सोडायचे आणि नुसतं तोंड टिपायचे. हात नाही, पाय नाही, खांब नाही की कुंडी नाही. त्या फोटोंना गिऱ्हाईक कुठून असणार? परक्या माणसाचं तोंड कोण विकत घेतं? तुम्ही घेत होता. मी बरोबर असले की बघायची, तुम्ही फोटो दोन्ही बाजूंनी कडेला धरून खिडकीकडे न्यायचात, जरा तिरका करायचात आणि एकच विचारायचात, "पेन्सिल नाही ना लावली?" गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या घालवायला चाचा फोटोच्या काचेवर बारीक पेन्सिल चालवायचे, त्याचं तुम्हाला वावडं. चाचा कानाला हात लावायचे. "तौबा, साहेब! तुमच्या मालाला पेन्सिल लावली तर तुम्ही माझं दुकान जाळाल."

लोकांच्या भिंतीवर तेव्हा देव असायचे, एखाद्या घरी बादशहाची तसबीर, आणि घरातली गेलेली माणसं. जित्या माणसाचा फोटो भिंतीला लावला की त्याचं आयुष्य कमी होतं, असं मानणारेच सगळे. आणि आपल्या बाहेरच्या खोलीत बांगड्या भरणारी, राजूरकडून हिरडा घेऊन येणारी म्हातारी, मिशनच्या शाळेतल्या चष्मेवाल्या बाई, विहिरी खणणारा, रोजचा टांगेवाला अशी ओळीनं बसलेली. आई म्हणायची, "नात्यातलं एक माणूस असेल भिंतीवर तर शपथ! सगळा बाजार आणून टांगलाय." तुम्ही हसायचात. मी एकदा हट्टानं विचारलं होतं की तात्या, ह्यांचं करायचं काय आपण? तुम्ही म्हणालात, "माणूस समोर असतं तेव्हा आपण त्याच्या तोंडाकडे बघतो कुठे गं? काम सांगतो नि मोकळे होतो. इथं निवांत बघता येतं." बस्स, यापलीकडे तुम्ही कधी काही बोलला नाहीत.

आणि तुमचा तो नियम. भिंत जित्या माणसांची. त्यातलं कुणी गेल्याची खबर आली की तुम्ही स्टूल घ्यायचात, फोटो उतरवायचात, धुतलेल्या धोतरात गुंडाळून त्याच्या घरी नेऊन द्यायचात. विहिरी खणणारा गेला तेव्हा मी तुमच्याबरोबर होते. त्याची बायको फोटो मांडीवर घेऊन बसलेली मला आत्ताही दिसते. ती रडत नाही, नुसती बोट फिरवते आहे. मग म्हणाली, "यांच्या कपाळाला येवढी आठी हुती व्हय? मला कवा दिसली न्हाई." परत येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होता. घरी रिकामा खिळा तसाच राहिला. तो तुम्ही काढू दिला नाहीत.

मग सुप्याहून स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, वडील नाहीत, आई शेती बघते, काका कर्ते. मला मुलगा लांबून बघितल्यापासून आवडला होता, हे आता सांगायला काय हरकत आहे? आवडला होता म्हणजे चांगलाच आवडला होता. आईनं तुमच्यापुढे हात जोडले. "एक दिवस, फक्त एक दिवस ही माणसं खाली काढा. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे." तुम्ही म्हणालात, "उद्या ती त्या घरात गेल्यावर तिचा बाप कसा आहे ते कळणारच आहे, मग आजच कळू दे." मला तुमचा असा राग आला होता, तात्या! पोहे भाजताना झारा कढईवर आपटत होते.

मंडळी मोटारीतून नगरला उतरली आणि तिथून टांग्यानं भिंगारला आली. काका, मुलगा, त्याची आई, म्हणजे पुढं माझ्या सासूबाई, आणि तोंडाळ आत्या. आत आले, सतरंजीवर टेकले आणि वर बघितलं. काकांनी हळूच टोपी काढून मांडीवर ठेवली. सासूबाईंनी पदर सारखा केला. मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी. शेवटी आत्यांनी तोंड उघडलं. "येवढी मानसं गेली व्हय हो तुमच्या घरातली?" आईच्या तोंडचं पाणी पळालं. आत्या पुढे म्हणाल्या, "पटकी आली हुती का पलेग?"

तुम्ही घाईघाईनं म्हणालात, "अहो, नाही नाही! एकच गेला होता, त्याचा फोटो केव्हाच देऊन टाकला. ही सगळी जिवंत आहेत."

"जिती?" काका उडालेच. "जित्या मानसांना भिताडाला टांगलंय? कोन लागत्यात तुमची?"

"लागत कुणी नाहीत," तुम्ही म्हणालात.

झालं! पटकी बरी म्हणायची पाळी आली. आत्यांची नजर बांगडीवालीवर गेली, तिथून तुमच्यावर आली, तिथून आईवर. मला वाटलं, धरणीनं मला पोटात घ्यावं, बश्यांसकट घ्यावं. तेवढ्यात आत्यांनी कोपऱ्यातला फोटो बघितला आणि किंचाळल्या, "आगं बया बया! ह्यो तर आत्ता आपल्याला घिऊन आला!" आणि नेमका त्याच क्षणी टांगेवाला दारात येऊन उभा. "साहेब, घोडं सोडू का थांबू?" आत्यांना ते भूतच वाटलं, त्या सतरंजीवरून सरकत सरकत सासूबाईंच्या मांडीत जाऊन बसल्या. टांगेवाला गोंधळला, काका जप करायला लागले, आणि मुलगा हसला. इतकं मोकळं हसला की डोळ्यांतून पाणी आलं. मी तिथंच ठरवलं, करीन तर ह्यालाच.

पण माझ्या ठरवण्याला कोण विचारतो! पोहे अर्धे टाकून मंडळी उठली. "कळवतो," म्हणाले. पंधरवडा गेला तरी निरोप नाही. आई तुमच्याशी बोलेना. मी बोलत होते, पण तोंड फुगवून. एका रविवारी मी पाणी भरून आत येते तर तुम्ही स्टुलावर उभे आणि भिंत बोडकी झालेली. फोटो एकावर एक, मध्ये जुनं कापड घातलेलं. इतके हळू उतरवले होते की आतल्या खोलीत आईला पत्ता नव्हता. तुम्ही म्हणालात, "तुझ्यापेक्षा ही मोठी नाहीत गं." माझा राग कुठल्या कुठे गेला. मला तुम्हाला म्हणायचं होतं, लावा परत. पण घागर घेऊन मी आत निघून गेले, कारण मला तो मुलगा हवा होता. दोन्ही हवं होतं मला.

त्याच आठवड्यात सासूबाई एकट्याच आल्या, त्याच टांग्यातून. आत येऊन बसल्यासुद्धा नाहीत. भिंतीकडे बघून म्हणाल्या, "मानसं कुठं गेली?"

आई फणकाऱ्यानं म्हणाली, "काढली. तुमच्यामुळंच काढली."

"आगं माझे बाई!" त्या मटकन खाली बसल्या. मग म्हणाल्या की त्या दिवशी परत जाताना टांगेवाल्यानं वाटेत विहिरीवाल्याच्या बायकोची गोष्ट सांगितली, फोटो नेऊन दिला ती. तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागेना. "आमचं मालक गेलं तवा ह्यो पाळण्यात हुता. आता मला इचारतो, आई, आप्पांचं तोंड कसं हुतं? मी नाक सांगते, मिशी सांगते. पर तोंड काय सांगता येतं व्हय, इव्हाई? लई सांगितलं तरी त्याला दिसत न्हाई." त्यांनी डोळे पुसले. "त्या भिताडावर आमचं मानूस असतं तर! लावा ती मानसं परत. आन मला बी लावा, मी जिती हाय तवर. म्हंजी पोराला पुढं कुनाला इचारायला नगं."

"इव्हाई" म्हणाल्या, म्हणजे तुम्हाला व्याही मानलं, हे सगळ्यात आधी आईला कळलं. ती उठली, पदर खोचला आणि स्वतः स्टुलावर चढली. तुम्ही एकेक फोटो हातात देत होता आणि ती लावत होती. बांगडीवालीला तिनं मुद्दाम दाराआड लावलं, ते सोडा.

साखरपुड्याच्या आधी आपण सगळे चाचांकडे गेलो. लढाईमुळे चांगला कागद मिळत नव्हता, पण चाचांनी ह्या कामासाठी राखून ठेवला होता. सासूबाई खिडकीशी बसल्या आणि ती काळी पेटी बघून पुन्हा उठल्या. "आधी इव्हाई बसू द्यात. त्यांचा जीव जात न्हाई हे बघते, मग मी बसते." तुम्ही केवढे लाजलात! साऱ्या बाजाराची तोंडं गोळा करणारा माणूस, स्वतःचा एक फोटो काढलेला नव्हता. नको, नको, माझं काय, असं किती वेळ चाललं. चाचांनी खांदे धरून बसवलं. तुम्ही भिंतीवरच्या माणसांसारखं बसायला गेलात आणि ते काही जमेना. मग मी चाचांच्या मागून म्हटलं, "तात्या, पेन्सिल लावायची का?" तुम्ही माझ्याकडे बघितलं, आणि चाचांनी तेवढंच टिपलं.

सासूबाईंचा फोटो तुमच्या भिंतीवर गेला. तुमचा तुम्ही लावून घेईनात, म्हणून तो माझ्याबरोबर सुप्याला आला. पुढं यथाकाळ सगळं झालं. सासूबाई गेल्या तेव्हा तुम्ही त्यांचा फोटो गुंडाळून घेऊन आलात आणि लेकाच्या, म्हणजे ह्यांच्या, हातात दिलात. ह्यांनी तो उघडला आणि बराच वेळ उघडाच धरून बसले. पुढं तुमच्या माघारी भिंत माझ्याकडे आली. नियम मी पाळला, तात्या. खबर आली त्यांचे फोटो घरोघर पोचवले. ज्यांची खबर आली नाही, ते भिंतीवर आहेत. राजूरची म्हातारी तुमच्या हिशेबानं अजून हिरडा विकते आहे.

तर रंगारी खिळा धरून उभा होता. तुमचा फोटो त्याच्या हातात. "हे कोन, आज्जी?" म्हटलं, माझे वडील. "मग वर मारू ना खिळा?" सून माझ्याकडे बघायला लागली. तिला ठाऊक आहे, तुम्हाला जाऊन किती काळ झाला ते. मी म्हटलं, "खालीच मार. ते भिंगारला असतात." त्यानं खाली मारला. सुनेनं आत जाऊन चहा ठेवला.

म्हणून हे पत्र टाकायचं नाही. टाकलं तर भिंगारचा पोस्टमन घर शोधेल, शेजारी त्याला सांगतील आणि 'मयत' असा शेरा मारून ते इथं परत येईल. एकदा खबर आली की मला स्टूल घ्यावं लागेल.