नारिंगी गोट

२ नोव्हेंबर

उघडली एकदाची यांच्या स्कूटरची सीट! खालच्या पिना पकडीनं उपटता उपटता बोट फाडून घेतलं. काळं रेक्झिन कडेनं पार विटलंय, पण आतला फोम अजून चांगला आहे. कारखान्यात दप्तरं कापताना उरलेलं नारिंगी रेक्झिन मालकांना विचारून आणलंय. शिवणीतून बारीक गोट, दोन्ही अंगांना एकेक पट्टा, आणि मागे बसणाऱ्याच्या जागी अख्खा नारिंगी तुकडा – तोही खरबरीत. माझी आई मागे बसली की घसरते म्हणून सारखी कुरकुरते.

हे दारातून डोकावले. "सर्कशीतला घोडा करतेस की काय तिचा?"

"करते. तुम्हीच बसायचंय त्यावर."

३ नोव्हेंबर

झाली. कोपऱ्यांवर रेक्झिन ताणताना नाकी नऊ आले, पण एक सुरकुती नाही. उन्हात अशी झळकते! शेजारीण गॅलरीतून बघत होती, बघू दे.

आईनं हात फिरवून पाहिला. "छान झालंय," म्हणाली, आणि आत गेली.

यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "फार लांबून ओळखू येईल गं."

मला वाटलं, लाजतायत. चाळिशी उलटली तरी यांना चारचौघांत उठून दिसायचं म्हणजे संकटच.

७ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत कटिंगवाली म्हणाली, "काल दुपारी तुझी नारिंगी सीट लाकडाच्या वखारीमागे उभी होती."

मी हसले. गुरुवारी यांना छापखान्यात जादा पाळी. जाताना आईला तिच्या मैत्रिणीकडे सोडतात, येताना घेऊन येतात. वखार कुठे, छापखाना कुठे! म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल.

"तसली सीट दुसऱ्या कुणाची असणार गं?"

तेही खरंच. मीच तर केलीय.

१४ नोव्हेंबर

काल पुन्हा तिथेच. या वेळी इस्त्रीवाल्यानं पाहिली. कौतुकानं सांगत होता बिचारा – "वहिनी, गाडी लगेच ओळखली मी."

रात्री यांना विचारलं, काल काम कसं होतं?

"मशीन सारखं अडत होतं," म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडला. पापणीसुद्धा लवली नाही. इतक्या वर्षांत या माणसाला मी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. की पाहिलं होतं, आणि ओळखलं नव्हतं?

२० नोव्हेंबर

अर्धी रजा टाकली आणि गेले.

वखारीमागे बैठ्या खोल्यांची रांग आहे. शेवटच्या खोलीपुढे सावलीत गाडी. माझा गोट, माझे पट्टे. रिक्षात सगळं ठरवून ठेवलं होतं – त्या बाईला काय बोलायचं, यांना काय बोलायचं. रडायचं नाही, हेसुद्धा.

खिडकी उघडी होती. खुर्चीत एक म्हातारा. एक हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला. गालांना साबण. आणि हे त्याची दाढी करत होते, हनुवटी दोन बोटांनी वर धरून. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

म्हाताऱ्यानं मान वळवली. उजव्या भुवईतली ती खाच दिसली. लहानपणी मांडीवर बसून मी तिच्यात बोट फिरवायचे.

माझा बाप.

आत गेले नाही. तशीच मागे फिरले. बाई असती तर बरं झालं असतं. तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

२१ नोव्हेंबर

मी चौथीत होते. बाजारात जाऊन येतो म्हणून गेला तो दुसरीकडे संसार थाटायला. आईनं लोकांचे कपडे शिवून मला वाढवलं. माझ्या परीक्षेच्या फॉर्मवर सही तिची, आजारपणात जागायची ती. लग्नाआधीच मी यांना सांगितलं होतं – बाकी काहीही चालेल, त्या माणसाचं नाव आमच्या घरात निघणार नाही. "नाही निघणार," असं म्हणाले होते हे. त्या एका शब्दावर मी यांना हो म्हटलं.

आज आई बागेत फिरायला गेली तेव्हा विषय काढला.

"कधीपासून?"

"पावसाळ्याच्या आधीपासून. अर्धं अंग गेलंय त्यांचं. बघायला कुणी नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं! ती बाई कुठेय त्याची?"

"ती वारली. मागच्या वर्षी."

"मग काल आत भांडी कोण घासत होतं?"

हे शर्टाचं बटण उगाच काढत-लावत बसले.

मी म्हटलं, एक करा, आईच्या कानावर जाऊ देऊ नका. मोडून पडेल ती.



२२ नोव्हेंबर

आईच्या खोलीत अंथरूण टाकलंय. तिनं एका शब्दानं कारण विचारलं नाही.

२३ नोव्हेंबर

सकाळी सीट काढून अंगणात आणली. म्हटलं, नारिंगी सगळं उसवून टाकते, काळं तर काळं. पहिला टाका कापला आणि आई समोर येऊन बसली.

"उसवू नकोस. मला बसायला बरं पडतं."

"मैत्रिणीकडे रिक्षानं जात जा."

"मैत्रिणीकडे मी कधी जातच नव्हते."

 मी कात्री खाली ठेवली.

"मीच नेलं जावईबापूंना तिकडे," आई म्हणाली. "ते नको म्हणत होते. तुला सांगायचं नाही अशी शपथ मीच घातली. बोलायचं ते मला बोल."

 हिच्यासाठी मी ते नाव कधी ओठांवर येऊ दिलं नाही. हिच्या वाटचासुद्धा राग मी एकटी सांभाळत आले. आणि ही दर गुरुवारी मी शिवलेल्या सीटवर बसून त्याची भांडी घासायला जात होती! सगळ्या घराला माहीत, मी तेवढी परकी.

"माफ केलंस त्याला?"

"नाही."

"मग कशाला जातेस?"

"एकदा चल माझ्याबरोबर," एवढंच म्हणाली.

मी सीट तशीच पडू दिली. संध्याकाळी यांनी निमूटपणे बसवली.

२७ नोव्हेंबर

गाडी मी काढली. आई मागे. वखारीपाशी वळताना कानाशी म्हणाली, "तो मला ओळखत नाही. आजारानंतर डोक्यातही गोंधळ झालाय. कामाला ठेवलेली बाई समजतो. समोर बसवून पहिल्या बायकोबद्दल सांगतो – किती चांगली होती, तिचं कसं वाटोळं केलं. जन्मभर माझ्यापाशी जे कबूल केलं नाही, ते सगळं. ते ऐकायला जाते मी."

आत गेलो. त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ही कोण?"

"माझी मुलगी," आई म्हणाली.

"नशीबवान आहात बाई," तो म्हणाला. "मलाही एक होती. तिच्या आईनं एकटीनं वाढवली. माझा काही हात नाही त्यात."